बिनधक्क्याची गाडी

ज्या माणसाला एका जेवणात दोनदा ताटावरून उठावं लागतं, त्यानं अनंताचं झाड सांभाळायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मामाला मी ते तोंडावर सांगितलंही होतं. पण मामा ऐकायला थांबला तर ना. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत तो वाकून माझ्या शिलाई मशीनचा पट्टा ताणून बघत होता आणि हा सैल झालाय, असं मलाच सांगत होता.

अख्खी इमारत त्याला भिंगरी म्हणते. पोरंसोरं तर समोरासमोर भिंगरीआजोबा म्हणतात आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. नोकरीही त्याला शोभेल अशीच मिळाली होती. तो लिफ्ट मेकॅनिक. शहरात कुठली ना कुठली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, आतली माणसं घंटी दाबून दाबून रडकुंडीला यायची, आणि मामा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पळत सुटायचा. दुरुस्ती झाली की त्याची एक ठरलेली परीक्षा असे. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला लिफ्टच्या जमिनीवर ठेवायचा आणि तळमजल्यापासून वरपर्यंत जाऊन यायचं. एक थेंब सांडला तरी काम पुन्हा उघडायचं. आत उभ्या असलेल्या माणसाला आपण हललो हे कळताच कामा नये, असं तो म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याची छाती फुगलेली असायची. पुढचा सगळा घोटाळा त्या पेल्यातूनच झाला.

मामी अगदी दुसऱ्या टोकाची. ती जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. एक रेघ ओढायची तर श्वास रोखून बसायची, आणि एकदा बसली की शेजारी भांडण पेटलं तरी मान वर करायची नाही. अशा बाईनं अशा माणसाबरोबर संसार कसा केला, याचं मला लहानपणापासून कोडं आहे. त्यात मामाला घरं बदलायची हौस. एका घरात पाण्याला जोर नाही, दुसऱ्या घरात शेजाऱ्याचा रेडिओ, तिसऱ्याच्या भिंतीला ओल. कारण सापडायला वेळ लागायचा नाही. पण सामान हलवावं ते मामानंच. मामी सकाळी एका घरातून कचेरीला निघायची आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी परतायची, तर गाद्या घातलेल्या, पंखा फिरतोय, चहाचं आधण ठेवलेलं. तुला बोट तरी लावावं लागलं का, असं तो कौतुकानं विचारायचा. मामी नाही म्हणायची, आणि ते खरंच असायचं.

माझ्या डोक्यावरच्या या घरात मात्र ते टिकले, कारण घराला लागून गच्ची होती आणि गच्चीत मामीनं अनंत लावला होता. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावई. वर्षातले थोडे दिवस सोडले तर तो असतोच. चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, धुतलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी वाळण्याऐवजी वास मारायला लागतो. अशा हवेत कुंडीतलं झाड जगवणं सोपं नाही. अनंताला दमट हवा आवडते, पण पाय ओले राहिलेले खपत नाहीत. मुळं कुजली की पानं पिवळी पडतात, वर चिकटा होतो, त्यावर काळा थर चढतो. मामीनं बरेच दिवस गच्चीत नुसतं उभं राहून बघितलं, की सकाळचं ऊन कुठं येतं, पाऊस कुठून झोडपतो. मग पत्र्याची सावली जिथं संपते त्या कडेला तिनं कुंडी ठेवली, आणि तिथून ती कधी हलवली नाही. दर वर्षी झाड फुलायचं. वास जिना उतरून माझ्या दारापर्यंत यायचा. कापडाच्या नव्या ताग्यांचा वासही त्यात बुडून जायचा. पहिलं फूल मामी पेल्यात घालून स्वतःच्या उशाशी ठेवायची, दुसरं माझ्या मशीनवर आणून ठेवायची.

मग मामा निवृत्त झाला आणि अख्खा दिवस घरी राहायला लागला. निवृत्त माणसं पेपर वाचतात, डुलक्या काढतात. मामानं घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, कपाटाची जागा बदलली, मग पलंगाची, मग पुन्हा कपाटाची. करायला काही उरलं नाही तेव्हा त्याची नजर गच्चीत गेली. सर आली की कुंडी उचलून पत्र्याखाली, ऊन पडलं की उचलून बाहेर. झाडाची सेवाच चालली होती म्हणा. कळ्या आल्या, हिरव्या, पीळ दिलेल्या दोऱ्यासारख्या, आणि एकेक करून देठापासून गळून पडल्या. त्या वर्षी एकही फूल आलं नाही. मामीनं कळ्या केरसुणीनं गोळा केल्या आणि ती काहीच बोलली नाही. मामाला वाटलं, ती चिडलेली नाही. चाळीशी लावूनही माणसाला बायको दिसत नाही ती अशी.

यंदा कळ्या जेमतेम मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मामी बाजारातून भिजत घरी आली आणि चहा करायला गेली, तर चहाचा डबा नाही. मामानं सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते. ती एकेक झाकण उघडून हुंगत होती, आणि तो मागून तिला सांगत होता, की त्यानं तळमजल्यावरची एक जागा बघून ठेवली आहे, वीज जाऊन लिफ्ट बंद पडली तरी जिना चढायला नको, दोनचार दिवसांत नक्की करून टाकतो. मामी हातातलं झाकण घेऊन स्टुलावर बसली ती किती तरी वेळ तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन लेकीकडे निघाली. लेकीचं मूल लहान आहे, मदतीला जाते, असं ती वाटेतल्या शेजारणीला म्हणाली. पण मी जिन्यातच उभी होते आणि तिच्या मागे मामाही बॅग धरायला धडपडत होता.

"झाडाला फूल आलं की कळवा," मामी त्याला म्हणाली. "मग येईन."

"आणि नाही आलं तर?"

लिफ्ट समोर उभी होती, मामानं घासूनपुसून गुळगुळीत चालती ठेवलेली. मामी जिन्यानं उतरून गेली.

मला वाटलं आता तरी मामा मटकन खाली बसेल. कसला बसतोय. त्याला काम मिळालं होतं. तक्रार आली आहे, दुरुस्ती करायची आहे, आणि दुरुस्ती झाली की मामी परत येणार आहे, इतकं सरळ. तो त्याच दिवशी रोपवाटिकेत गेला. तिथल्या बाईनं कुंडीखाली विटा ठेवायला सांगितल्या, तळाची भोकं मोकळी करायला सांगितली, पिवळी पानं काढायला, चिकटा ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं. मामानं हे सगळं तंतोतंत केलं, आणि झाड खरोखर टवटवीत झालं. पण बाईनं शेवटी एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे कळ्या धरल्यावर याला हलवायचं नाही. इथं घोडं पेंड खायला लागलं. आभाळाकडे बघत हातावर हात ठेवून बसणं मामाच्या रक्तात नाही. त्यानं रात्रंदिवस विचार केला आणि हलवायचं नाही याचा अर्थ धक्का लागू द्यायचा नाही, असा लावला.

आयुष्यभर लिफ्टमध्ये घालवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. जुन्या लिफ्टच्या दरवाजांची चाकं त्याच्याकडे पिशवीभर पडली होती. त्यातली चांगली निवडून, तेल पाजून, त्यानं कुंडीसाठी एक गाडी बनवली. गच्चीच्या फरशीवर पत्र्याखालून कठड्यापर्यंत दोन पट्ट्यांचे रूळ टाकले. मग मला हाताला धरून वर नेलं. गाडीवर कुंडी, कुंडीशेजारी काठोकाठ भरलेला पेला. मामानं एका बोटानं गाडी ढकलली. ती या टोकाहून त्या टोकाला गेली आणि पाण्यावर साधी सुरकुतीही उठली नाही. "त्याला पत्ताही लागणार नाही," मामा म्हणाला. मी कपाळाला हात लावला, पण त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की पुढं काही बोलवेना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गाडीला धक्का नव्हता, पण आवाज होता. वर घर्रर्र झालं की खाली माझ्या हातातला टाका वाकडा. सर आली, घर्रर्र, पत्र्याखाली. उघडलं, घर्रर्र, कठड्याशी. आमच्याकडचं ऊन काय, पापणी लवेपर्यंत टिकतं. मामा आंघोळीतून अंगाला साबण तसाच ठेवून धावायचा. हातातला घास टाकून धावायचा. खिडकीशी उभं राहून ढगांवर डोळा ठेवायचा, त्यानं त्याची मान अवघडली आणि मान अवघडली तरी तो थांबेना. माझ्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, वर छापखाना आहे का. मी हो म्हणून सांगितलं, खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

संध्याकाळी तो मामीला फोन करायचा आणि दिवसाचा वृत्तांत द्यायचा. कळ्या बोराएवढ्या झाल्या, चिकटा गेला, पानं तेल लावल्यासारखी चमकतात. मामी ऐकून घ्यायची. एकदा तिनं एवढंच विचारलं, की झाड कुठं आहे. "आत्ता ना? आत्ता पत्र्याखाली आहे," मामा उत्साहानं म्हणाला. मग नातू रडतोय म्हणून तिनं फोन ठेवला. मामानं मला सांगितलं, की नातू रडका आहे.

मग एका सकाळी वरचा आवाज बंद झाला. मी मशीन थांबवून कान देऊन बसले. पाऊस चालू होता, म्हणजे घर्रर्र व्हायला हवं होतं. तेवढ्यात मामाच दारात उभा राहिला. आत आला, मूठ उघडली आणि माझ्या कापायच्या मेजावर कळ्या ठेवल्या. देठाशी पिवळ्या पडलेल्या, टपोऱ्या, अगदी उमलायच्या बेतात आलेल्या. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"एक थेंब सांडला नव्हता गं," तो म्हणाला. "एक थेंबसुद्धा."

मला त्याचा राग आला होता, खूप आला होता. मी मामीला फोन लावला आणि मेजावर कळ्यांशेजारी ठेवून दिला, दोघांनाही ऐकू जाईल असा. मामानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, गाडी, रूळ, पेला, सगळं. धक्का लागला नाही, शपथेवर सांगतो धक्का लागला नाही, हे तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

"नसेल लागला," मामी म्हणाली. "तुमच्या लिफ्टमध्येही लागायचा नाही. पण दार उघडलं की मजला दुसराच असायचा ना?"

"मलाही तुम्ही कधी धक्का लागू दिला नाहीत," ती पुढं म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सकाळी या घरातून निघायचं, संध्याकाळी त्या घरात चहा तयार. पण खिडकी दर वेळी दुसरीकडे असायची. दिव्याचं बटण शोधताना माझा हात महिनोन्महिने चुकीच्या भिंतीवर जायचा. कुठल्याही घराची सवय होईतो तुम्ही पुढचं घर बघून यायचात. मला बोट लावावं लागलं नाही हे खरं आहे. मला कुणी विचारलं नाही, हेही खरं आहे."

माझ्या आठवणीत मामा पहिल्यांदा इतका वेळ एका जागी उभा होता. बोटं तेवढी मेजाच्या कडेवर चालत होती. मग त्यानं विचारलं, की झाडावर अजून दोन कळ्या आहेत, त्यांचं काय करू.

"काही करू नका," मामी म्हणाली.

याहून अवघड काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो वर गेला, मागोमाग मीही गेले. त्यानं रूळ उखडले, चाकं काढली. पण कुंडी ठेवायची कुठं? मामीची जागा नेमकी कोणती, हे त्याला आठवेना. मग त्याला फरशीवर ती दिसली. पत्र्याची सावली संपते तिथं, सगळीकडे शेवाळ आणि मधोमध एक कोरा गोल, कुंडीच्या बुडाएवढा. इतक्या वर्षांत तिथं शेवाळ धरलंच नव्हतं आणि गेल्या वर्षभरात कडेकडेनं आत यायला लागलं होतं. मामा गुडघ्यांवर बसून त्या गोलाकडे बघत राहिला. मग त्यानं कुंडी उचलून तिथं ठेवली, झाडाचा कल उजेडाकडे येईल अशी फिरवली, आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. कितीही मागितली तरी देऊ नकोस, असं बजावलं.

जिना उतरून होईतो त्यानं ती पहिल्यांदा मागितली.

ते दिवस त्यानं माझ्या खोलीत काढले. घरी बसला तर कुलूप तोडेल, अशी त्यालाच स्वतःची भीती वाटत होती. मी त्याला उसवायचं काम दिलं, कारण जुनी शिवण उसवताना घाई केली तर कापड फाटतं. त्यानं पहिल्या दिवशी एक पँट फाडली. सर कोसळायला लागली की तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. पत्रा गळत असेल, वाऱ्यानं कुंडी कलंडली असेल, चिकटा परत आला असेल. मी नुसतं त्याच्याकडे बघायची. मग तो बसायचा, ब्लेड हातात घ्यायचा, आणि त्याचे पाय मेजाखाली असे हलायचे की माझी सुई थरथरायची. खरं सांगायचं तर तोवर मीही सुखानं बसले नव्हते. वर काय चाललंय ते न बघता राहणं माझ्याच्यानंही होईना, पण किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मला शहाणं राहणं भाग होतं. आम्ही दिवसातून एकदा, मी पुढं आणि तो मागं, दाराच्या काचेतून बघून यायचो. दोनातली एक कळी तशी काचेतूनच गळताना दिसली. मामानं दाराच्या कडीला घट्ट धरून ठेवलं, पण दार उघड म्हणून तो म्हणाला नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं तळमजल्याच्या जागेला नकार कळवला. मग मामीला फोन केला. या वेळी वृत्तांत अगदी छोटा होता.

"एकच उरली आहे," तो म्हणाला. "उमलेल की गळेल, मला माहीत नाही. मी तिकडे जात नाही, गच्चीची किल्ली खाली देऊन टाकली आहे. नवी जागा नको म्हणून सांगितलं. आणि डबे पुन्हा लावायला गेलो होतो, पण तुझी रीत मला ठाऊकच नाही असं लक्षात आलं. तेव्हा सगळे मेजावर काढून ठेवलेत. लावायचे तर तूच लाव. नाही आलीस तर राहतील तसेच."

मामी बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नातू रडत असल्याचं काही ती बोलली नाही.

त्यानंतर दोनतीन दिवस पावसानं उसंत दिली नाही. एका दुपारी मामा वर पाणी प्यायला गेला होता आणि मी काजं करत होते, तेव्हा जिन्यात ओल्या छत्रीचं टोक टेकल्याचा आवाज आला. मामी माझ्या दारात उभी राहिली. चष्म्यावर वाफ धरली होती. तिनं मला किती बारीक झालीस वगैरे काही विचारलं नाही. हात पुढं केला आणि गच्चीची किल्ली मागितली. मी दिली. ती वर गेली आणि मी मशीनवर बसून राहिले, पण एक टाका घालता येईना. आधी डब्यांचे आवाज आले, एकेक झाकण उघडल्याचे. मग कुलूप. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग दुसरी खुर्ची. त्यानंतर काहीच नाही. इतके दिवस त्या घर्रर्रला शिव्या घातल्या, आणि आता ही शांतता मला सोसेना. फाटलेली पँट दाखवायची आहे, असं निमित्त काढून मी वर गेले.

दोघं गच्चीच्या दाराशी आत बसली होती. मेजावर चहा होता. दार उघडं होतं आणि वाऱ्यानं पाऊस तिरका होऊन थेट अनंतावर येत होता. फांद्या हेलकावत होत्या. टोकाला ती एक कळी होती, हिरव्या पिळातून पांढरी रेघ जेमतेम दिसायला लागलेली. मामा तिच्याकडे आणि मामीकडे आळीपाळीनं बघत होता. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"फूल नाही आलं अजून," तो म्हणाला. "मग तू कशी आलीस?"

"चहा प्यावासा वाटला," मामी म्हणाली.

वाऱ्याचा एक मोठा झोत आला. झाड आडवं होऊन पुन्हा उभं राहिलं. मामा खुर्चीतून अर्धा उठला.

"अगं, झोडपतोय त्याला."

"बसा."

तो बसला. त्याचा गुडघा मात्र उडायला लागला, इतका की मेजावरच्या कपातला चहा बशीत सांडला. मामीनं त्या चहाकडे पाहिलं, कप उचलून लांब ठेवला आणि त्याच्या गुडघ्यावर आपला हात ठेवला. गुडघा काही थांबला नाही. पण तिनंही हात काढला नाही.